दाजींनी निवडलेला हूक

दाजी गेल्याचा फोन आला तेव्हा मी त्यांच्यावरच करवादत होते. नाशिकला, गंगापूर रोडच्या माझ्या फ्लॅटमध्ये, सकाळचा चहा अर्धा टाकून, मी बाथरूमजवळच्या वजनकाट्यावर माझी प्रवासाची बॅग ठेवली होती आणि वाकून आकडा वाचत होते. कारण आदल्या दिवशी आमच्या सुकदेवदाजींनी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीच्या यजमानांनी, तिसऱ्यांदा निरोप धाडला होता, 'मास्तरीणबाई, बॅग किती किलो भरली ते कळव. अंदाजपंचे नको. काट्यावर ठेवून सांग.' अहो, पाच दिवसांसाठी बाहेर निघालेल्या बाईला तिच्या साड्यांचं वजन कुणी विचारतं का! साडेआठ किलो, असं मी रागारागानं मोबाइलवर लिहीत होते, तेवढ्यात त्याच मोबाइलवर ताईचा फोन आला. निफाडहून. ती रडत नव्हती. 'हे बागेला पाणी सोडायला गेले होते,' ती म्हणाली, 'बांधावर टेकले... आणि उठलेच नाहीत गं.' त्यावर मी काय बोलले ते आठवत नाही. बॅग मात्र मी निफाडहून परत येईपर्यंत तशीच काट्यावर होती.

आता दोन महिने होत आले. लिहायला बसले की डोळे भरून येतील असं वाटतं, आणि खरं सांगू? आधी हसू फुटतं. कारण हा माणूस कधी शांत बसलेला मी पाहिलाच नाही. निफाडजवळ त्यांची द्राक्षाची बाग, सगळं आयुष्य ट्रॅक्टरवर गेलेलं, वय चौसष्ट. पण फवारणीचा नवा नोझल आणला तरी घरभर दाखवत फिरणार, शेजाऱ्याला जेवणावरून उठवून दाखवणार. आवाज असा, की फोन कानापासून हातभर लांब धरावा लागायचा. मी तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं, म्हणून मी 'मास्तरीणबाई'. आणि त्यांची एकुलती एक मेहुणी, त्यामुळे माझी खोडी काढल्याशिवाय त्यांना चहा गोड लागायचा नाही. मीही काही ऐकून घेणारी नव्हते. लग्नमंडपात त्यांचे बूट लपवले तेव्हापासून आमची जी जुंपली ती जुंपलीच... आणि शेवटची दोन वर्षं तर आम्ही एकाच गोष्टीवरून भांडलो. एका लोखंडी हुकावरून.

हुकाचं सांगायचं तर आधी ताईचं सांगायला हवं. चार वर्षांपूर्वी तिच्या दोन्ही किडन्या गेल्या. आठवड्यातून तीनदा नाशिकला मशिनवर जाण्यापेक्षा डॉक्टरांनी तिला घरच्या घरी करायचं, पोटातलं डायलिसिस सुचवलं. पोटात एक बारीक नळी कायमची बसवलेली. तिच्यातून दोन लिटर औषधी पाण्याची पिशवी पोटात सोडायची, चार-पाच तासांनी ते पाणी काढून टाकायचं, नवीन सोडायचं. दिवसातून चार वेळा. ऐकायला सोपं, पण खोली लख्ख हवी, दार बंद, पंखा बंद, तोंडाला मास्क. जरा हयगय झाली की पोटात जंतू झालेच. आणि जड काही उचलायचं नाही, कशाला जोर लावायचा नाही. त्यामुळे ताईचं सगळं जग त्या पांढऱ्या फरशीच्या एका खोलीत येऊन थांबलं. कुणाच्या लग्नाला गेली तर अक्षता टाकून धावत परत. मुलगी बंगळूरला, पण तिच्या नव्या घरी एकदाही जाणं झालं नाही. ताई तक्रार करणारी नव्हे. फक्त एकदा, सीझनचा शेवटचा कंटेनर भरून निघाला तेव्हा, ओट्यावर बसल्या बसल्या म्हणाली, 'तीस वर्षं पेट्या भरून देतेय. म्हणतात जहाजात चढतात. ते जहाज कसं असतं, ते काही बघणं झालं नाही.' झालं! दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला माझा फोन वाजला. 'मास्तरीणबाई! तुझ्या बहिणीला खोली सोडून जाता येत नाय, बरोबर? मग खोलीच न्यायची! खोलीला चाकं लावायची!'

मला वाटलं, चार दिवसांत जाईल डोक्यातून. छे! नाशिकच्या अंबडला युनूसभाई म्हणून एक फॅब्रिकेशनवाले आहेत, दाजींच्या तिन्ही ट्रॉल्या त्यांनीच बांधलेल्या. त्यांच्या शेडमध्ये दाजी जाऊन बसले ते बसलेच, आणि सात महिन्यांत जीपगाडीमागे ओढून न्यायची एक खोली उभी राहिली. पांढऱ्या पत्र्याची, आतून धुता येईल अशी, हात धुवायला बेसिन, पिशवी टांगायला खुंटी, एक पलंग, मागच्या बाजूला पाण्याची टाकी आणि संडास. आरटीओच्या किती चकरा झाल्या ते विचारूच नका. तिथले लोक दाजींना नावानं हाका मारायला लागले होते. खोली निफाडला आली त्या दिवशी नवरी बघायला यावं तसा गाव लोटला. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी आतबाहेर करून सगळं निरखलं आणि म्हणाले, 'सुकदेव, समदं झ्याक हे. पण घर सोडून पळून चालला का काय?' 'सोडून कशाला?' दाजी म्हणाले, 'घर घेऊनच पळतो ना!' ताई दारात उभी राहून हसत होती. तिला इतकं हसताना मी कितीतरी दिवसांनी पाहिलं.

पहिली चाचणी पेठच्या रस्त्यावर. ताईला न घेता, फक्त दाजी आणि मी. सामान मात्र खरंखुरं भरलेलं, ताईच्या पिशव्यांची खोकी, गॅसची टाकी, पाणी, भांडीकुंडी, धान्य. भरलं दाजींनी स्वतः. मला हात लावू दिला नाही. चढ ठीक गेला. उताराला लागलो आणि... बाई गं! मागची खोली शेपूट हलवायला लागली. डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे, दर खेपेला जास्तच. जीपला मागून कुणी धरून हिसडे देतंय असं वाटत होतं. मी देवाचं नाव घेतलं, तेही अर्धंच आठवलं. दाजींनी ब्रेकवर पाय दाबला नाही. नुसता वेग उतरू दिला आणि कशीबशी एका मोकळ्या जागी गाडी उभी केली. मग ते उतरले, मागे गेले, खोलीचं दार उघडून आतलं सामान बघितलं, आणि कपाळावर हात मारून असे हसत सुटले की मला वाटलं, धसका घेतला यांनी.

'अगं, बैल!' ते ओरडले. 'बैलाची मान!' झालं होतं असं, की सगळं जड सामान त्यांनी मागच्या अंगाला लावलं होतं. का? तर लहानपणी वडिलांबरोबर बैलगाडी हाकलेली. गाडी भरताना वडील बजावायचे, जुवावर ओझं येऊ देऊ नको, मुक्या जनावराची मान सुजते. म्हणून हात आपोआप माल मागे सारणार. गाडी उलाळ होऊन, म्हणजे मागे कलून, जू वर उचललं जाणार नाही, एवढाच काय तो पुढे. पन्नास-पंचावन्न वर्षांची ती माया हातात मुरलेली... आणि इथे पुढे बैलच नव्हता! जीपच्या हुकावर वजनच नव्हतं, म्हणून मागची खोली मोकाट सुटली होती. मी तिथेच रस्त्याच्या कडेला काडीनं मातीत आकृती काढून तरफेचा धडा घेतला. ओढायच्या गाडीच्या वजनाचा साधारण दहातला एक भाग हुकावर पडायलाच हवा. थोडा जास्त चालेल, कमी नाही. दाजी उकिडवे बसून, मुलं ऐकायची नाहीत इतकं मन लावून ऐकत होते. 'म्हणजे या जनावराच्या मानेवर दाबलं तरच ते सरळ चालतं. लयच उलटं जनावर हे!' आम्ही तिथल्या तिथे सगळं उतरवलं आणि पुन्हा भरलं, जड ते पुढे. येताना खोली शहाण्यासारखी मागून आली.

पण आता दुसरंच त्रांगडं! जीप मागून दबली, तोंड वर. दिवे लावून बघितले तर उजेड झाडाच्या शेंड्यावर. स्टिअरिंग हलकं, पुढची चाकं रस्त्याला धरून नाहीत. हुकावरचं सगळं ओझं एकट्या मागच्या चाकांवर येत होतं. यावरचा उपाय मी नाही शोधला, दाजींनीच शोधला, मोबाइलवर परदेशातले व्हिडिओ बघून. भाषा कळत नसली तरी लोखंड कळतं, म्हणायचे. या कामासाठी एक खास हूक मिळतो. त्याला दोन बाजूंना स्प्रिंगसारख्या दणकट सळया असतात, त्या मागच्या गाडीच्या दांड्यावर ताणून अडकवायच्या. मग ओझं एकाच जागी न बसता थोडं जीपच्या पुढच्या चाकांवर जातं, थोडं खोलीच्या चाकांवर. 'पाटी एकीच्या डोक्यावर नाय द्यायची, तिघींनी मिळून कडा धरायच्या,' असं त्यांनी ताईला समजावलं. ती म्हणाली, 'मग घ्या की तो हूक.' तिच्या दृष्टीनं एवढं सोपं होतं ते. दाजींनी त्या निवडीला आठ महिने लावले.

आधी वजन. आपल्या गाडीचं वजन आपणच करायचं, रिकाम्या नाही, भरलेल्या, असं मी सांगून बसले आणि पस्तावले. कांद्याच्या ट्रॅक्टरांच्या रांगेत, भुईकाट्यावर, निघाली आमची वरात! आधी जीपची फक्त पुढची चाकं काट्यावर, मग सगळी जीप, मग खोली जोडून पुन्हा पुढची... मागचे ट्रॅक्टर हॉर्न वाजवून बेजार. काट्यावरच्या माणसानं खिडकीतून विचारलं, 'माल काय?' दाजी ओरडले, 'बायको आणि मेहुणी!' सगळी रांग खो खो हसली. ताईनं तोंडाला पदर लावला, आणि मी दुसरीकडे बघायला लागले, जुना विद्यार्थी कुणी भेटू नये म्हणून. भेटलाच. काट्यावरचाच निघाला. 'बाई, तुम्ही?' म्हणाला आणि खुर्चीतून उठून उभा राहिला. मग काय, हॉर्न वाजवणारेच खाली उतरून सल्ले द्यायला लागले, अन् तासाभरात निफाडच्या निम्म्या शेतकऱ्यांना हुकावरच्या वजनाचं शास्त्र पाठ झालं.

गणितात आणखी एक मजा होती. ताईच्या पिशव्या पुढच्या कपाटात, म्हणजे बरोबर हुकाशी. रोज चार पिशव्या, दोन-दोन लिटरच्या. म्हणजे दिवसाला आठ किलो पुढून कमी होणार! पाच दिवसांत चाळीस! हे मला सुचलं तेव्हा मी स्वयंपाकघरात होते, आणि इतकी खूश झाले की गॅसवरचं दूध उतू गेलं. तसाच फोन लावला, 'दाजी, हुकावरचं वजन रोज बदलणार!' पलीकडून अशी आरोळी आली की शेजारच्या काकूंनी दार उघडून बघितलं. तासभर बोललो आम्ही. शेवटी रोज सकाळी धान्याचं एक पोतं मागून पुढे सरकवायचं, असं ठरलं. ताईच्या दुखण्याबद्दल आम्ही एवढ्या आनंदानं त्याआधी कधीच बोललो नव्हतो.

मग प्रत्यक्ष हूक. पुण्यात एक दुकानदार बाहेरून असले हूक मागवून द्यायचा. दाजी मला घेऊन, खोली जोडूनच, तिथे गेले. तोंड वर करून, हळूहळू, सगळा रस्ता आमच्याकडे बघतोय अशा थाटात. दुकानदारानं सगळ्यात मोठा हूक पुढे केला. 'घेऊन टाका काका, हत्तीसुद्धा ओढेल.' 'हत्ती न्यायचा नाय,' दाजी म्हणाले. द्राक्षवाल्याला मात्रा कळते. औषध कमी पडलं तर भुरीचा रोग, जास्त झालं तर पान जळणार. सळया आपल्या वजनापेक्षा फार दणकट घेतल्या तर त्या वाकतच नाहीत, प्रत्येक खड्डा थेट सांगाड्यावर येतो. त्यांनी मधल्या मापाचे दोन काढायला लावले, आणि मग माझ्याकडे वळून म्हणाले, 'मास्तरीणबाई, लाव बघू.' दुकानासमोर चार लोक जमलेले. पहिल्याची सळई मी कशीबशी उचलली, साखळी अडकवली आणि ताणायचा दांडा ओढायला गेले, तर दांडा हलेना. मी लोंबकळले. अक्षरशः पाय सुटले जमिनीवरून! 'नापास!' दाजी गरजले. दुसऱ्याला दोन्ही हातांनी जोर लावून, दातओठ खाऊन अर्धवट जमलं. 'नापास!' हो, पुन्हा. तीस वर्षं हा शब्द मी दुसऱ्यांच्या प्रगतिपुस्तकात लिहिला, आणि तो भर रस्त्यात माझ्याच नशिबी! दुकानदार म्हणत होता, 'काका, लावणार तुम्हीच ना? तुम्हाला काय जड आहे?' दाजी नुसती मान हलवत राहिले. तिसरा एक प्रकार मागवून द्यायचं त्यानं कबूल केलं. परतताना नारायणगाव येईपर्यंत मी मुद्दाम खिडकीकडे तोंड करून बसले.

त्या तिसऱ्या हुकासाठी दाजी तीन महिने थांबले. दिवाळीनंतर निघायचं म्हणून ताईनं बॅग काढली होती, ती परत माळ्यावर गेली. मी त्यांना तोंडावर म्हणाले, 'एका हुकापायी बाई खोळंबली आहे हो!' ते म्हणाले, 'खोळंबू दे. चुकीचा घेतला तर कायमची खोळंबंल.' मला तो शुद्ध हट्टीपणा वाटला, आणि तसं मी त्यांना ऐकवलंही.

हूक आला तो ऐन तोडणीत. फोनवर 'पास!' एवढंच ओरडले आणि ठेवला. मला बघायलाही बोलावलं नाही, माणसं बागेत खोळंबलेली. मार्चमध्ये हात मोकळे झाल्यावर मात्र त्यांनी सुट्टीच्या दिवशी मला मार्केट यार्डात नेलं आणि खोली जोडलेल्या जीपच्या स्टिअरिंगवर बसवलं. पुढे जाणं सोपं. उलटी घेताना स्टिअरिंग नेमकं उलट्या बाजूला फिरवायचं; मी तीनदा खोली जीपला काटकोनात नेऊन ठेवली. 'विज्ञान शिकवायचीस ना?' 'तुम्ही गप्प बसा हो!' चौथ्यांदा जमली. दाजी त्या रिकाम्या यार्डात हात वर करून नाचले. खरंच नाचले, चौसष्टाव्या वर्षी! मी विचारलं, 'तुम्ही असताना मला कशाला शिकवताय?' तर म्हणाले, 'एप्रिलची छाटणी लागली की मी कुठला येतोय? तुम्ही दोघी जात जा की.' ती आमची शेवटची भेट. पुढच्या आठवड्यात निघायचं होतं, उरणच्या बाजूला, किनाऱ्यावरून जहाजं दिसतात तिथे. ते गेले तेव्हा निघायला चार दिवस राहिले होते.

दहावा झाला, तेरावा झाला. मुलगी येऊन राहिली, 'आई, चल माझ्याकडे,' म्हणाली; ताई नाही म्हणाली. खोली शेडमध्ये ताडपत्रीखाली. मी एकदा विषय काढला तर ताई म्हणाली, 'वर्षाच्या आत बाहेर पडले तर लोक काय म्हणतील? आणि हे नसताना कसली सहल गं? जोडाजोडी कोण करणार? विकून टाक ती.' तिचा आवाज इतका सपाट होता की मी, मी सुद्धा, भांडले नाही. पण मला भीती लोकांची नव्हती. ताई आता त्या पांढऱ्या फरशीच्या खोलीत शिरेल आणि पुन्हा बाहेर यायचीच नाही, ही भीती होती. त्या भीतीनं मला झोप लागत नव्हती, आणि तरीही मी गिऱ्हाईक शोधलं. महामार्गावर चहाचं दुकान टाकू बघणारा एक भला माणूस होता. खोली ओढायला कशी आहे, ते त्याला बघायचं होतं.

म्हणून मी जीप मागे घेतली, हुकाच्या गोळ्यावर खोलीचा दांडा बसवला, आणि त्या सळयांकडे बघत उभी राहिले. पुण्याची लोंबकळ डोळ्यांसमोर. युनूसभाई मदतीला आले होते, पण ते जागचे हलले नाहीत. 'बाई, आधी जॅक फिरवा,' एवढंच म्हणाले. खोलीच्या दांड्याखाली एक जॅक होता. फिरवला, शिलाई मशिनच्या चाकासारखा हलका. खोलीचं नाक आणि जीपचा मागचा भाग दोन्ही मिळून वर उचलले गेले. इथे साखळी नव्हती, ओढायचा दांडा नव्हता. सळई एका हातानं फिरवली आणि आकड्यावर ठेवली, बसली. जॅक खाली घेतला तसा ताण आपोआप आला. 'एवढंच?' मी विचारलं. 'एवढंच,' युनूसभाई म्हणाले. 'मी बोललो होतो त्यांना, दाजी, वो पहिलेवाला ज्यादा मजबूत है. तर मला म्हणाले, मजबूत घेऊन काय करू? सिंधूला जोर लावायला मनाई हे. तिच्या हातानं लागला पायजे.'

सिंधू म्हणजे ताई... म्हणजे पुण्यात मी नापास झालेच नव्हते! हूक नापास झाले होते. मला जड गेले, म्हणजे ताईला जमणार नाहीत, म्हणून. तीन महिने मी त्या माणसाला हट्टी म्हणत होते. कोण आधी जाणार, हे आम्ही सगळ्यांनी मनातल्या मनात ठरवून टाकलं होतं, ताईनं सुद्धा. एकट्या दाजींनी ते ठरवलं नव्हतं.

ताई ओट्यावरून कधी उतरून आली कळलं नाही. 'सरक,' म्हणाली. दुसऱ्या बाजूची सळई राहिली होती. तिनं जॅक फिरवला, सळई बोटांनी सरकवली, आकड्यावर ठेवली. काढली. पुन्हा लावली. असं तीनदा. मग हात पदराला पुसले आणि म्हणाली, 'आठ महिने ह्याच्यासाठी घातले होय यांनी... आणि मी आपली म्हणायची, या माणसाला उद्योग नाही.' आणि रडली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा, मोठ्यानं, दांड्याला धरून. मीही रडले. तो चहावाला बिचारा कावराबावरा होऊन युनूसभाईंकडे बघत होता. ताईनं डोळे पुसले, पदर सारखा केला आणि त्याला म्हणाली, 'भाऊ, चहा घेऊन जा. खोली विकायची नाही.'

गेल्या आठवड्यात आम्ही दोघी निघालो. गावात कुजबुज झालीच, ताईच्या कानावरही गेली. 'होऊ दे,' म्हणाली. सळया तिनंच लावल्या, मला जवळ येऊ दिलं नाही. कसारा घाट उतरताना मी स्टिअरिंग घट्ट धरून होते, पण खोली मागे आहे की सुटली, हे आरशात बघावं लागत होतं, इतकी ती गुमान येत होती. दुपारी उरणच्या बाजूला, किनाऱ्यालगत एका मोकळ्या जागी गाडी लावली. ताईची पिशवी बदलायची वेळ झाली होती. आधी तेच. हात धुतले, मास्क लावले, दार बंद केलं. ताई पलंगावर बसली, खुंटीवरच्या पिशवीतलं पाणी उतरायला लागलं. आता अर्धा तास तिला जागचं हलता येणार नव्हतं. मी उत्साहानं खिडकीशी गेले, तर काय? नुसती वाळू! खिडकी माझ्या कमरेशी. समुद्र बघायचा तर ओणवं व्हायला हवं. माझं डोकंच फिरलं. 'काय हो दाजी,' मी मास्कमधून मोठ्यानं म्हणाले, 'इथूनतिथून सगळं मोजलंत, आणि खिडकी इतकी खाली बसवलीत?'

मी वळून बघितलं तर ताई समोर एकटक बघत होती. 'तू बस ना खाली,' ती म्हणाली. 'ही उभं राहून बघायची खिडकी नाही.'

मी तिच्या शेजारी पलंगावर टेकले. आणि सगळा समुद्र समोर आला, या टोकापासून त्या टोकापर्यंत, बरोबर डोळ्यांच्या उंचीला. डाव्या बाजूनं एक जहाज येत होतं. लाल, निळे, मातकट कंटेनर एकावर एक, अख्खा गाव मावेल एवढं. 'अगं बाई... केवढं हे!' ताई म्हणाली. मग म्हणाली, 'सीझन संपला. आपली पेटी नसेल आता यात.' ती हसत होती आणि मास्कची वरची कड ओली झाली होती. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, तर तिनं माझा हात दाबला.

'थोडा वेळ बोलू नकोस. यांनीही कधी बघितलं नव्हतं. त्यांच्या वाटणीचंही बघून घेते.'

पिशवी रिकामी व्हायला अजून दहा मिनिटं होती.